निहारचं चिलखत

"छाती सपाट पाहिजे, पप्पा. एकदम सपाट."

निहार कटिंगच्या टेबलापाशी दोन्ही हात पसरून उभा होता आणि मी त्याच्या शर्टावरून टेप फिरवत होतो. आमचं दुकान सांगलीत, माधवनगर रस्त्याला, गाड्यांच्या सीटकव्हरचं. तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती मला रेक्झिन आणि फोम कापताना. माणसाच्या मापाचं काही करायची ती पहिलीच वेळ.

"जरा जागा सोडायला लागेल," मी म्हणालो. "नाहीतर श्वास अडकेल."

"नाही अडकत."

टेपखाली काहीतरी कडक लागत होतं. पाय मुरगळल्यावर बांधतात तसलं क्रेप बँडेज त्यानं आतून गुंडाळलेलं असायचं, हे मला माहीत होतं. घरातलं बँडेज दोनदा नाहीसं झालं होतं आणि दोन्ही वेळा त्याच्या आईनं काही न बोलता नवं आणून कपाटात ठेवलं होतं. मी माप कागदावर लिहून घेतलं आणि टेप गळ्यात टाकली.

ही सात वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरची गोष्ट. निहार सतरा वर्षांचा होता, बारावीला. आम्ही त्याला मुलगी म्हणून वाढवलं होतं. जन्मल्यावर ठेवलेलं नाव वेगळं होतं. ते आता घरात कोणी घेत नाही, मीही इथं घेणार नाही. आदल्या वर्षी त्यानं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की मी मुलगा आहे, पहिल्यापासून आहे. त्या दिवसापासून तो 'आलो', 'गेलो' म्हणायचा आणि मी 'आलीस', 'गेलीस' म्हणत राहिलो. त्यानं मला कधी दुरुस्त केलं नाही. त्याची आई, सुलभा, वाक्यंच अशी फिरवायची की दोन्ही टळावं. "जेवण झालं का?" म्हणायची. "जेवलीस का" नाही आणि "जेवलास का" पण नाही.

जानेवारीत पुण्यात कॉमिकवाल्यांचा मोठा मेळा भरणार होता. तिथं पोरं आवडत्या पात्राचा पोशाख करून जातात, त्याला कॉस्प्ले म्हणतात, हे मला सानियानं समजावून सांगितलं. सानिया मुजावर निहारच्या वर्गात होती, आमच्याच गल्लीत राहायची. दोघं मिळून जाणार होते. निहार दुसऱ्या कुणाच्या गोष्टीतलं पात्र करणार नव्हता. त्यानं स्वतःच चित्रांची एक गोष्ट काढली होती. नदीवरच्या दरवाजावर पहारा देणारा एक शिपाई. सगळं गाव त्याला घाबरतं, आणि तो एकटा पाण्याला घाबरतो. त्या शिपायाचं चिलखत आम्ही करत होतो.

रोज कॉलेज सुटलं की तो दुकानात यायचा. मी पेपरचा फर्मा कापून द्यायचो, तो ईव्हीए फोमच्या शीटवर ठेवून आखायचा. हीट गननं शीट तापवून आम्ही गुडघ्यावर दाबून बाक द्यायचो. खांद्याचे तुकडे जमेनात, तेव्हा मी त्याला बुलेटच्या सीटला कोपरा कसा काढतात ते दाखवलं. तो दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा चांगला कोपरा काढून घेऊन आला.

"कुठं शिकलीस?"

"तुमच्याकडंच की. काल."

मी त्याचे फोटो काढले. खांदे झाले तेव्हा, छातीची पाटी झाली तेव्हा, पाटीवर त्यानं ब्लेडनं लाटा कोरल्या तेव्हा. गिऱ्हाइकांना दाखवले. एकानं विचारलं, नाटकाचं आहे का? मी हो म्हणालो.

चिकटवायचं सोल्युशन वाळायला ठेवलं की तो स्टुलावर बसून वही काढायचा. निळ्या कव्हरची शंभर पानी वही. मिरजेच्या डॉक्टर शहापुरे मॅडमनी त्याला सांगितलं होतं, आठवेल ते सगळं लिहून आण. मॅडम मनोविकाराच्या डॉक्टर. सुलभा त्याला पाच वेळा घेऊन गेली होती. सहाव्या वेळी आम्हा दोघांना बोलावलं होतं. त्यानंतर मॅडम पुण्याच्या हार्मोनच्या डॉक्टरांना चिठ्ठी देणार होत्या, पुढचं तिथं ठरणार होतं. अठरा पूर्ण नव्हती, म्हणून आमची सही लागणार होती, आणि सहीच्या आधी आमच्याशी बोलणं.

तो परीक्षेसारखी तयारी करत होता. बालवाडीतलं एक पान, पहिलीतलं एक पान. एखादी गोष्ट कुठल्या वर्षीची हे आठवलं नाही तर मला विचारायचा.

"पप्पा, आपण जुन्या घरातून कधी निघालो?"

"तू तिसरीला होतीस."

"म्हणजे ते दुसरीतलं." आणि खोडून नीट लिहायचा.

मिरजेला जायच्या आदल्या दिवशी त्यानं छातीची पाटी अंगावर धरून दुकानाच्या आरशात बघितलं. बराच वेळ बघत होता. मग पाटी टेबलावर ठेवून माझ्याजवळ आला.

"पप्पा, डॉक्टरांना याच्याबद्दल नका सांगू."

"का? चांगलं तर झालंय."

"त्यांना वाटेल मी ते पण असंच करतोय. कपडे चढवून बघतोय. चार दिवसांनी उतरवून ठेवेन."

"मी कशाला सांगू?"

"विचारलं तर खोटं नका बोलू. पण आपणहून नका काढू."

"बरं," मी म्हणालो.

दवाखान्यात निहार आधी एकटा आत गेला. अर्ध्या तासानं बाहेर आला. चेहरा मोकळा होता. वही त्यानं आतच ठेवली होती, मॅडमना वाचायची होती म्हणे. मग आम्ही गेलो.

मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. शांत बोलायच्या. त्यांनी सगळं सांगितलं. औषधं कधी सुरू होतील, आधी कुठल्या तपासण्या, काय बदलेल. दाढी येईल. पाळी थांबेल.

"आवाज फुटेल," त्या म्हणाल्या. "आणि एक लक्षात घ्या. आवाज एकदा बदलला की परत पहिल्यासारखा होत नाही. म्हणून घाई करायची नसते. पण निहारच्या बाबतीत मला स्वतःला फारशी शंका वाटत नाही. मला फक्त तुमच्याकडून ऐकायचंय. लहानपणी कसं होतं?"

सुलभानं तोंड उघडलं. "लहानपणापासूनच..." एवढं म्हणाली आणि तिला रडू आलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला आणि माझ्याकडं बघितलं.

माझ्या कानात आवाजाचंच वाक्य राहिलं होतं. रोज चार वाजता दुकानात फोन यायचा, पप्पा येताना काय आणू, चहा आणू का. तो आवाज. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

"मॅडम, हे सोंग आहे सगळं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी मोबाइल काढला. फोटो उघडून त्यांच्या पुढं धरला. खांदे, पाटी, लाटा. "पुण्याला जानेवारीत असला कार्यक्रम आहे. पोरं वेगवेगळी सोंगं घेऊन जातात. हिला शिपाई व्हायचंय. मीच करून देतोय. त्याच नादात आहे वर्षभर. ते झालं की उतरेल."

"आणि लहानपणी?"

"काही नव्हतं तसलं. फ्रॉकशिवाय दुसरं घालायची नाही. बाहुल्या, भातुकली. हे सगळं मोबाइलमधून आलंय, मॅडम. एका वर्षात."

मी भराभर बोलत होतो आणि माझा आवाज अजिबात कापत नव्हता.

खरं असं होतं. पहिलीत असताना, सहा वर्षांचं पोर, शाळेचा निळा स्कर्ट हातात घेऊन दुकानात आलं होतं. "पप्पा, याला मधून शिवा. चड्डी करा." मला हसू आलं होतं. मी स्कर्ट मधून कापला आणि मशीनवर दोन शिलाया मारून दिल्या. चड्डी झाली. दोन दिवस घालून गेला. तिसऱ्या दिवशी बाईंची चिठ्ठी आली, तेव्हा नवा स्कर्ट आणावा लागला. तो घालताना दर सकाळी रडारड. फ्रॉक कपाटात तसेच नवे राहिले आणि सुलभानं ते बहिणीच्या मुलीला देऊन टाकले.

सुलभानं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली.

मॅडमनी निळ्या वहीवर हात ठेवला. "वहीत वेगळं आहे," त्या म्हणाल्या.

"ती लिहिणारच तसं," मी म्हणालो. "हुशार आहे."

"मी नाही म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्याकडून इतकं उलट ऐकल्यावर मी आज चिठ्ठी देऊ शकत नाही. अठरा पूर्ण होऊ देत. तोवर दर महिन्याला येत राहा. आणि घरी त्याच्याशी बोला."

त्यांनी निहारला आत बोलावलं. आपण थोडं थांबू या, म्हणाल्या. कारण सांगितलं नाही. वही परत दिली. तो "बरं मॅडम" म्हणाला आणि बाहेर येईपर्यंत नीट चालला. रिक्षात बसल्यावर विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काही नाही. डॉक्टरांनीच थांबायला सांगितलंय."

"पण मागच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या की..."

"डॉक्टर आहेत त्या. त्यांना कळतं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"आम्ही काय म्हणणार," मी म्हणालो. सुलभा रिक्षाच्या बाहेर बघत होती.

त्यानंतर निहार ती वही तपासायला लागला. रोज. जेवताना मांडीवर, दुकानात स्टुलावर. लाल पेनानं खुणा करायचा. "इथं मी लिहिलंय, मला राग आला. त्यांना वाटलं असेल मी रागीट आहे, म्हणून." दुसऱ्या दिवशी दुसरं पान. "हे मी मोठ्या माणसासारखं लिहिलंय. कुणीतरी सांगून लिहिलंय असं वाटतं, नाही?" मला वाचून दाखवायचा. मी सीटवर कव्हर ओढत ओढत ऐकायचो आणि म्हणायचो, "असेल."

डिसेंबरात एका दुपारी तो आणि सानिया दुकानात आले. सानिया म्हणाली, "काका, मला वाटतंय मॅडमनी ह्याचं इन्स्टा बघितलं असणार. कॉस्प्लेचे फोटो आहेत ना तिथं."

"तूच म्हणाली होतीस टाक म्हणून," निहार तिला म्हणाला.

"मला काय माहीत."

दोघं माझ्याकडं बघत होते. मी सुई ओवत होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर चाललं असतं. मी म्हणालो, "असेल."

निहारनं तिथंच उभ्या उभ्या सगळे फोटो काढून टाकले. मग भिंतीवरच्या खिळ्यावरून चिलखत उतरवलं, टेबलावर ठेवलं आणि माझा कटर घेतला.

"काय करतोयस?" सानिया म्हणाली.

"घरात असलं काही नको."

त्यानं फाडाफाड केली नाही. जिथं सोल्युशन लावलं होतं तिथूनच एकेक जोड सोडवत गेला, मी त्याला शिकवलं होतं तसं, फोमला इजा न होता. खांदे वेगळे केले. मनगटं वेगळी केली. लाटा कोरलेली पाटी मधून कापली आणि सगळे तुकडे चिंध्यांच्या पोत्यात भरले. "तुमच्या उपयोगाला येतील," मला म्हणाला. सानिया रडत होती. तो नव्हता रडत. जानेवारीत सानियाही पुण्याला गेली नाही.

तो दर महिन्याला मिरजेला जात राहिला. प्रत्येक वेळी नवं काहीतरी लिहून न्यायचा. फेब्रुवारीत आवाज बसल्यासारखा झाला, तेव्हा मला वाटलं सर्दी आहे. मार्चमध्ये चेहऱ्यावर पुटकुळ्या. बारावीचे पेपर संपले आणि चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. चार दिवस उतरेना. उठता येईना म्हणून सुलभानं चादर काढली तर डावी मांडी टम्म सुजून लाल झालेली. एका जिममधला माणूस त्याला चोरून हार्मोनची म्हणून इंजेक्शनं द्यायचा. त्यानं ती कुठून आणली, त्यात काय होतं, सुई कुठली होती, हे त्या माणसालाही धड सांगता आलं नाही.

मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात दोन ऑपरेशनं झाली. विष रक्तात पसरलं होतं. नऊ दिवस अतिदक्षता विभागात होता. मांडीतलं बरंच मांस काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पोर वाचलं हेच खूप आहे, पाय थोडा ओढत चालेल.

वॉर्डात आणल्यावर तिथल्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले. सुलभा शहापुरे मॅडमकडून पाकीट घेऊन आली आणि बाकीच्या कागदांसारखं त्याच्या उशाशी ठेवलं. मी खालून मोसंबीचा रस घेऊन वर आलो तेव्हा तो कागद हातात धरून वाचत होता. इंग्रजीत टाइप केलेले होते. मला वाचता येत नव्हतं, पण त्या दिवसाची तारीख दिसली.

"पप्पा," तो म्हणाला, "इथं लिहिलंय, वडिलांच्या म्हणण्यानुसार लहानपणी अशी कोणतीही लक्षणं नव्हती. फ्रॉक आवडत. बाहुल्या." तो एकेक शब्द मराठीत करून सांगत होता. "वडिलांनी मोबाइलवर पोशाखाचे फोटो दाखवले."

मी रसाचा ग्लास टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही बोललात?"

"हो."

"आई तिथं होती?"

"होती."

सुलभा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं चादरीचा कोपरा धरला होता.

त्यानं कागद परत पाकिटात घातले. घालताना घडी चुकली, पुन्हा काढून नीट घातले. "मी पाच महिने वहीत चूक शोधत होतो," तो म्हणाला. "तुम्ही समोर बसून ऐकत होता."

मला काहीतरी बोलायचं होतं. आवाजाबद्दल, चार वाजताच्या फोनबद्दल. ते सगळं किती लहान आहे हे मला तिथं, त्या बँडेज केलेल्या पायासमोर कळलं.

"तुम्ही घरी जा," तो म्हणाला. "आई थांबेल. नाहीतर आई पण जाऊ दे. सानियाला बोलवा."

जुलैत त्याला अठरा पूर्ण झाली. शहापुरे मॅडमनी चिठ्ठी दिली. आमच्या सहीची गरज उरली नव्हती. सानियाला पुण्यात ॲडमिशन मिळाली आणि तोही तिच्याबरोबर गेला. जाताना सुलभाच्या पाया पडला. मी दुकानात होतो. दुकानावरून रिक्षा गेली ती मी बघितली.

सुलभाला त्यानं कधीतरी माफ केलं असावं, कारण दर रविवारी तिला फोन करतो. मी घरात असलो की ती मोबाइल घेऊन गच्चीवर जाते. एकदा ती कणीक मळत होती, म्हणून स्पीकर लावला. मी बाहेरच्या खोलीत होतो. आत कोणी पुरुष बोलतोय असं वाटून मी दारापर्यंत गेलो. "आई, दाण्याची चटणी कुरियर कर," तो म्हणत होता. मी तिथूनच मागं फिरलो.

दोन वर्षांपूर्वी त्याचं छातीचं ऑपरेशन ठरलं. मला सुलभाकडून कळलं. तिला त्या आठवड्यात टायफॉइड झाला होता, उठवत नव्हतं. "कुणीतरी जायला पाहिजे," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. मी पहाटेची एसटी पकडून पुण्याला गेलो.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर खुर्च्यांची रांग होती. सानिया बसली होती. मला बघून उठली.

"काका, तुम्ही?"

"त्याला सांगू नको."

तिनं थोडा विचार केला. "नाही सांगत," म्हणाली. माझ्याशेजारी बसली नाही, पण उठून जा असंही म्हणाली नाही.

अकराच्या सुमारास नर्सनं दार उघडून हाक मारली, "निहारचे नातेवाईक?"

मी अर्धवट उठलो होतो. सानिया पुढं झाली. "मी. बहीण."

नर्सनं तिला आत नेलं. पाच मिनिटांनी सानिया बाहेर आली आणि माझ्यासमोरून जाताना थांबली. "झालं. चांगलं झालं. शुद्धीवर आलाय." मग ती औषधं आणायला खाली गेली.

मी बसून राहिलो. दुपारी तीच नर्स पुन्हा बाहेर आली. मला सकाळपासून तिथंच बघितलं होतं तिनं.

"काका, तुमचा पेशंट कोण?"

"निहार," मी म्हणालो. ते नाव मी पहिल्यांदाच तोंडानं उच्चारलं होतं. मला ते म्हणता येतं का याचीच खात्री नव्हती.

तिनं हातातली फाइल चाळली. "तुम्ही कोण त्यांचे?"

मी काही बोलायच्या आत तिला पान सापडलं. ती त्यावर बोट ठेवून वाचत होती. "बहीण आहे. आईचा नंबर आहे. वडील नाहीत." तिनं वर बघितलं. "काका लागता का?"

"नाही," मी म्हणालो. "ओळखीचा आहे. सांगलीचा."

"मग आत नाही सोडता येणार हं. आणि इथं पण पाचपर्यंतच बसायला परवानगी आहे."

"चालेल," मी म्हणालो, आणि पाच वाजेपर्यंत बसलो.